कोरा क्रमांक

सोमवार, ३
जेवणाचं टेबल, टाकी भरली की वाजणारी घंटी, तीन मोडक्या सायकलींतून धाकटीसाठी जुळवलेली एक धड सायकल आणि घरातला पहिला कॉम्प्युटर, सगळं या दोन हातांनी केलेलं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. तरी आजपासून कचेरीचा सामायिक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. खुर्ची डुगडुगत होती, दुपारपर्यंत सरळ केली. काम सोपं: नवा माणूस आला की त्याचं खातं उघडायचं. माझी जागा नवीच, म्हणून माझं खातंही कोरं. धाकटीही आजच टायपिंगला लागली. बापलेक एकाच बसने गेलो. ही म्हणाली, आता डबे दोन, कुरकुर एकच.

मंगळवार, ४
इथली पद्धत मला पटलेली नाही. खाती मोजकीच विकत घेतलेली, सगळी भरलेली. म्हणून गेलेल्याच्याच खात्यावर नव्याचं नाव चढवतात. हेडक्लार्क मोठ्या बाई म्हणाल्या, भांडं तेच, कल्हई नवी. मी म्हटलं, नाव बदललं तरी आतला क्रमांक तोच राहतो, आणि मशीन माणसाला क्रमांकानेच ओळखतं. असू दे हो, म्हणाल्या, वर्षानुवर्षं चाललंय. वाद घालायचा कंटाळा आला. धाकटीला आधीच्या टायपिस्टचा क्रमांक दिला. ती पोरगी रजेवर गेली ती परतलीच नाही म्हणे.

शुक्रवार, ७
दिवसभर पासवर्ड विसरलेल्यांची रांग. पाठ धरली. धाकटी मला सगळ्यांसमोर काका म्हणाली. कचेरीत बाबा म्हणायची लाज वाटत असेल, सोडून दिलं. मोठ्या बाईंचा हात मात्र फायलीवरच थांबला. आधीची पोरगी सगळ्यांना काकाच म्हणायची, म्हणाल्या.

मंगळवार, ११
घरीही काका. ही आधी हसली, मग तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. धाकटी दिव्याचं बटण दाराच्या उजवीकडे चाचपत होती. आमच्याकडे ते डावीकडे आहे. मीच बसवलंय.

बुधवार, १२
सकाळी ती उलट्या दिशेच्या बसमध्ये चढली. हात धरून उतरवली. तिला वेगळा क्रमांक द्यायचा तर कोणाचं तरी खातं पुसून जागा करावी लागेल. मोठ्या बाई घाबरल्या. एकदा पुसलं होतं, म्हणाल्या. खिडकीपाशी ती खुर्ची आहे ना, झिजलेल्या उशीची? तिच्यावर कोण बसायचं ते आता कोणालाच आठवत नाही. आपण त्या माणसाला डब्यातला अर्धा घास द्यायचो, एवढंच त्यांना आठवतं.

गुरुवार, १३
दमलो. दार धाकटीनेच उघडलं. मला पाहून अदबीने म्हणाली, "काका, तुम्ही कोणाकडे आलात?"
आतून हिचं रडणं ऐकू येत होतं.
कोणाचं पुसू? प्रत्येक जण कोणाचा तरी बाप, कोणाची तरी — नाही. माझंच.
तसाच परत कचेरीत जाऊन साहेबांना सांगून आलोय. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही.

शुक्रवार, १४
आधी माझं पुसलं. मग तिला कोरा क्रमांक दिला. चूक नको म्हणून दोनदा तपासला.
धाकटी आईशी फोनवर बोलत होती — तिच्याच त्या घाईच्या आवाजात — आई, मी आपल्या नेहमीच्या बसने येते. आली. माझी पोर परत आली.
माझ्या समोरून गेली. वर पाहिलं नाही.
मोठ्या बाईंनी विचारलं, आपण कोण, कोणाला भेटायचंय.
हिला फोन केला. राँग नंबर, म्हणाली. दोनदा.
लिहून ठेवतो, नाहीतर मीसुद्धा — काल साहेब म्हणाले, पुसापुशी केली की वरून चौकशी येते. पोरगी आहे तशी राहू द्या, टायपिंग झकास करतेय. तुमची नोकरी कायम करतो. महिना बेचाळीस हजार.
बेचाळीस हजार. मी नको म्हटलं. नको म्हटलं, कारण ती माझी —