खालची तार

शिकागो
२८ ऑगस्ट १९८४

ती. इडेल आत्यास,
नोरीनचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. एवढ्याशा कार्डावर एवढी उद्गारचिन्हं काढलीस, म्हणजे स्वारी किती खूश आहे ते कळलं. यंदा आपल्या भागात शिकारीचे परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठेवले आणि सोडतीत त्यातला एक तुला लागला. मला मात्र आनंद झाला नाही, आत्या. उगाच गोड बोलून काय करू?

गेल्या हिवाळ्यात निम्म्याहून जास्त प्रॉन्गहॉर्न मेले. बर्फ वितळल्यावर रानात वास सहन होईना, असं एप्रिलमध्ये तूच लिहिलं होतंस. ते पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले होते. आणि आता जे उरले आहेत त्यांतला एक तूच मारणार? उद्या माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, की बाई, तुमच्या घरचे लोक काय करतात, तर मी त्यांना काय सांगू? परवाना मिळाला म्हणून वापरलाच पाहिजे असं कुठे आहे? चुलीत घाल तो. बाबा असते तर त्यांनीही यंदा बंदूक खुंटीवरच ठेवली असती.

स्पष्टच लिहिते. तू बंदूक काढलीस तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मी येणार नाही. ते मांस माझ्या घशाखाली उतरायचं नाही. धमकी समज हवी तर.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्यावर कितीही चिडलीस तरी ते लावायचं. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
नोरीन


कॉटर फोर्क, वायोमिंग
६ सप्टेंबर

चि. नोरीन हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

धमकी पोचली. अक्षर छान आहे. शहरात गेल्यापासून तू प्रॉन्गहॉर्न म्हणायला लागलीस, आपल्याकडे ती अजून हरणंच आहेत.

तुझा बाप माझा धाकटा भाऊ. तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं मी लॉईडला ओळखत होते. ताप अंगात असताना घोंगडी पांघरून तो शिकारीला आला होता आणि टेकाडावर उताणा पडून पांढरा रुमाल हलवत होता. हरीण हा जगातला सगळ्यात चौकस प्राणी, पांढरं काही हललं की बघायला येणारच, हे त्यानेच तुला शिकवलं. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून रुमाल तुझ्या हातात. मारायची मी, बोलवायचीस तू. तेव्हा घशाखाली सगळं उतरत होतं, बाईसाहेब!

आता नीट ऐक. यंदा मादीचा एकही परवाना दिलेला नाही. मला लागला तो एका नराचा. एक नर गेल्याने वसंतातली पाडसं एकानेही कमी होत नाहीत, हे शाळामास्तरणीला मी समजवायचं म्हणजे कमालच झाली. गेल्या हिवाळ्यात हरणं कशाने मेली ते तू विचारलंच नाहीस. बर्फाने मेली, खरं आहे. पण एवढं बर्फ दर दोन-चार वर्षांनी पडतं, तेव्हा ती खाली आपल्या बाजूच्या नदीकाठच्या रानात उतरतात आणि जगतात. या वेळी उतरता आलं नाही. पलीकडचं रान घेतलेल्या हार्लन प्रुइटने आपल्या लुसर्न घासाला कुणी तोंड लावू नये म्हणून जमिनीपासून वरपर्यंत जाळी ठोकली आहे, तीही फक्त आपल्या बाजूला, डोंगराकडून उघडंच. हरीण कुंपणावरून उडी मारत नाही, खालून सरपटत जातं. जाळीखालून काय सरपटणार? तिथेच उभी राहून मेली, एकमेकांना टेकून. ती मी ओढून बाजूला केली, या हातांनी. त्याची बातमी तुझ्या शिकागोच्या पेपरात आली नाही.

तू म्हणशील, एप्रिलमध्ये रडायचं आणि ऑक्टोबरमध्ये मारायचं. हो. दोन्ही मीच.

थँक्सगिव्हिंगला यायचं नसेल तर येऊ नकोस. तुझ्या वाटणीचे बटाटे मी खाईन. गुडघा ठीक आहे. रागावलीस तरी माझीच आहेस, हे विसरलीस तर बघ.

तुझी,
इडेल आत्या


शिकागो
१९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जाळीचं मला माहीत नव्हतं. तू एप्रिलमध्ये लिहायला हवं होतंस. प्रुइटचा मला तुझ्याइतकाच संताप आला आहे. पण एकाने पाप केलं म्हणून आपल्याला सूट मिळत नाही. घरात चोरी झाल्यावर उरलेली भांडी आपण स्वतःच्या हाताने विकतो का?

मी हटत नाही. तूही हटणार नाहीस, ते दिसतंच आहे. निदान एकटी जाऊ नकोस, आणि जायचंच तर लोकरी मोजे दोन घाल. बाकी काही लिहिण्यासारखं नाही. पत्र थांबवते, माया थांबवत नाही.

तुझी,
नोरीन


कॉटर फोर्क
९ ऑक्टोबर

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गावातल्या कुणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. येत्या २३ तारखेला मला न्यायाधीशांपुढे उभं राहायचं आहे. घाबरू नकोस, मीही घाबरलेले नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आपल्या नेहमीच्या टेकाडावर गेले. एकटीच. मोजे दोन घातले होते. पिठाच्या पोत्याचं पांढरं फडकं काठीला बांधलं, सेजच्या झुडपाआड पडले आणि हलवायला लागले. एका हाताने फडकं आणि दुसऱ्या हाताने बंदूक सांभाळायची म्हणजे सर्कस. तुझी आठवण झाली, शिव्यांसकट झाली. पण आली गं! पुढे एक मोठा नर, मागे माद्या आणि थोडी पाडसं. थांबत, मान वर करत, पुन्हा चालत. मी फडकं टाकलं, बंदूक उचलली, आणि समोर उन्हात काहीतरी चमकलं.

जाळी. या उन्हाळ्यात प्रुइटने ती वाढवून टेकाडाच्या पायथ्याशी आणली होती. मी म्हातारी जुन्या सवयीने जुन्या जागी जाऊन पडले आणि कुंपणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे मीच फडकं हलवून त्यांना त्या जाळीवर बोलावलं. नराने जाळीला नाक लावलं. मग सगळी जाळीच्या कडेने चालत गेली, वाट नाही म्हणून परत आली, पुन्हा गेली. एका पाडसाने डोकं आत खुपसलं ते अडकलं, हिसका देऊन निघालं तेव्हा तारेला केस राहिले. नर इतका जवळ होता की तुझ्या वर्गातल्या पोरानेही नेम साधला असता. पण जमीन प्रुइटची, आणि जमीन कुणाचीही असती तरी कोंडलेल्या जनावरावर मी गोळी झाडत नाही. ती शिकार नव्हे.

उठले तशी ती उधळली. मी पिकअपमधून पक्कड काढली आणि एका खांबापासून पुढे हात दुखेपर्यंत जाळी कापत गेले. भर दुपारी. मग तशीच प्रुइटच्या घरी जाऊन त्याला तोंडावर सांगितलं. तो जेवत होता. त्याचा काटा हवेतच राहिला. त्याच्या बायकोने सवयीने माझ्यापुढे सफरचंदाच्या केकची बशी सरकवली, मीही सवयीने खाल्ला. जरा जास्त गोड होता.

शेरीफचा माणूस संध्याकाळी आला. बिचारा टोपी काढून उंबऱ्यातच घुटमळला. म्हणाला, चुकून झालं असेल ना, तसंच लिहितो. मी म्हटलं, मुळीच नाही. जाणूनबुजून केलं असं लिही, आणि अक्षर नीट काढ.

शिकार अजून बाकी आहे. लोभ वाढव, जमल्यास.

तुझी,
इडेल आत्या


शिकागो
१६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की मुख्याध्यापकांनी डोकावून पाहिलं. मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वयात कोर्टात! वकील कर. मी इथून कुणाला तरी विचारते.

एक मात्र विचारायचं आहे. त्या दिवशी तू त्याला सोडलंस. मग आता कशाला मारायचा? सोडून दिलंस तसं सोडूनच दे ना. गावात सगळे तुझं नाव घेतील. मी पहिल्या गाडीने येईन आणि माझ्या हाताने बटाटे सोलीन. उत्तर लवकर पाठव, मी इथे नखं खात बसले आहे.

तुझीच,
नोरीन


कॉटर फोर्क
१ नोव्हेंबर

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वकील केला नाही. न्यायाधीश रेनफ्रोबाईंनी विचारलं, जाळी कापलीस का. मी हो म्हटलं. त्यांनी प्रुइटला विचारलं की नेमकं काय हवंय. तो म्हणाला की कुंपण पूर्ववत उभं राहावं, त्याची गुरं बाहेर जायला नकोत. बाईंनी निकाल दिला: महिनाअखेर मी माझ्या खर्चाने तिथे कुंपण उभं करायचं, गुरं अडतील असं.

मी केलं, नोरीन. खांब तेच, वर काटेरी तारा तीन आणि सगळ्यात खाली बिनकाट्याची गुळगुळीत तार, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढ्या उंचीवर. आपल्या घरची सगळी कुंपणं अशीच आहेत. लॉईड तार ओढायचा आणि उंची मोजायला तुला शेजारी उभी करायचा. प्रुइटने येऊन पाहिलं आणि थयथयाट केला. रेनफ्रोबाईंना फोन केला. त्या स्वतः गाडी घेऊन आल्या, शहरी बूट घालून. प्रुइट ओरडत होता की याला कुंपण म्हणत नाहीत. मी विचारत होते, की तुझी कुठली गाय एवढ्या फटीतून जाणार आहे ते दाखव. बाई मध्ये उभ्या राहून दोघांनाही गप्प बसायला सांगत होत्या.

आणि तेवढ्यात हरणं आली. बर्फ भुरभुरायला लागलं होतं, खाली उतरायची वेळच झाली होती. पहिली मादी तारेपाशी थांबली, वास घेतला, गुडघे टेकले आणि अलीकडे. मग दुसरी. मग पाडसं, न टेकताच. प्रुइट शेवटी पुटपुटला की ती माझ्या घासात घुसतील. मी म्हटलं, डोळे उघड, ती तुझ्या घासातून बाहेर चालली आहेत. बाईंनी कागदावर लिहिलं की कुंपण उभं आहे, आणि बूट झटकत निघून गेल्या. बाकीची जाळी मात्र अजून तशीच आहे, लांबच लांब.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. परवा, हंगाम संपता संपता, मी गेले. आपल्या बाजूच्या मोकळ्या माळावर, मध्ये कुठलंही कुंपण नाही. फडकं हलवलं. तोच नर आला. त्याला जायला चारी दिशा मोकळ्या होत्या. मी त्याला मारला. एका गोळीत, उभ्या जागी. मग शेजारी बसून रडले, आणि मग बाह्या सारल्या आणि कामाला लागले. गावाने माझं नाव घ्यावं म्हणून मी ही रीत सोडणार नाही. ज्याला पोटाला हरीण लागतं तोच म्हातारपणी थंडीत कुंपणं दुरुस्त करत हिंडतो, असं माझं मत आहे. चुकत असेन तर चुकते.

तू शब्द दिला आहेस, तो माझ्यासाठी फिरवू नकोस. लॉईडची पोरगी शब्दाची पक्कीच असायला हवी. सोबतच्या डब्यात मांस नाही, भिऊ नकोस. कापलेल्या जाळीचा तुकडा आहे. पांढरे केस त्या पाडसाचे आहेत. पोरांनी विचारलं की घरचे काय करतात, तर दाखव.

प्रेम कर किंवा भांड, पण पत्र टाकत राहा.

तुझी,
इडेल आत्या


शिकागो
१० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. तुकडा वर्गात फळ्याशेजारी टांगला आहे. मुलांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, गोळीसकट. एक मुलगी रडली. दुसरीने विचारलं, की बाकीची जाळी कोण काढणार? तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आहे.

तू त्याला मारायला नको होतंस असं मला अजूनही वाटतं, आणि मरेपर्यंत वाटत राहील. तरी मी शब्द फिरवते आहे. तुझ्यासाठी नाही. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारच्या गाडीने निघते. आधी प्रुइटच्या घरी जाऊ, त्याला समोर बसवून बाकीच्या जाळीचं विचारू आणि तो हो म्हणेपर्यंत त्याच्या बायकोचा केक खात बसू. टेबलावर तेव्हाच बसेन, जेव्हा त्या कुंपणाची निदान एक खालची तार मी माझ्या हाताने ओढलेली असेल. मग वाढ काय वाढायचं ते. खाईन. आवडेलच असं वचन देत नाही.

भेटीपर्यंत जीव सांभाळ, मला भांडायला तूच हवी आहेस.

तुझी,
नोरीन

ता. क. पक्कड दोन काढून ठेव.