ग्राफ कार्ड यहाँ मिलता है

१० नोव्हेंबर ९९, बुधवार
दिवाळी संपली. खोका तसाच. दिल्लीहून आणला तेव्हा हे म्हणाले होते, दिवाळीत एक कार्ड उरणार नाही. दोन गेली. त्यातलं एक परत आलं.
ग्राफिक कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची हिरवी पाटी. पडद्यावरचं चित्र ती काढते. एवढं मला कळतं. चिमीला वाटतं बिस्कीट आहे.
हे कॉम्प्युटरचे पडदेपण दुरुस्त करतात. मागचं झाकण उघडं टाकून जेवायला येतात. "बटण बंद असलं तरी आत करंट असतो, हात लावू नको." मग उघडं का टाकता? दुकान म्हणजे आमचीच गल्लीकडची खोली. चिमी रांगते. दिवसभर मी तिच्या मागे. जीव थाऱ्यावर नाही.

१२ नोव्हें., शुक्र
रंगाऱ्यानं बोर्ड लावला. ह्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, ग्राफिक कार्ड यहाँ मिलता है. त्यानं लिहिलं, ग्राफ कार्ड. वर म्हणतो, "भइया, बनारस में ग्राफ होता है, कार्ड होता है। ई 'फिक' का होता है?"
त्याचं तरी काय चुकलं. इथे साडी विणायची तर आधी चौकड्यांच्या कागदावर नक्षी काढतात, तो ग्राफ. मग तिची भोकं पाडलेले पुठ्ठे मागावर चढवतात, ते कार्ड. हे खूप ओरडले. पुनव झाली की येऊन दुरुस्त करतो म्हणून गेला.

१५ नोव्हें., सोम
सकाळपासून विणकर. "ए बहू, कार्ड दिखाओ।" दाखवलं. एक म्हातारा उजेडात धरून बघत बसला. "छेद तो हैं, बेटी। पर इसमें धागा नहीं जाएगा।" सगळे हसले.
हे म्हणतात, तू हाकल त्यांना. माझी हिंदी ही अशी. "हम नहीं जानता" म्हटलं की आणखी हसतात.
दुपारी युनिव्हर्सिटीचे एक सर आले, मांडीवर ठेवायचा पातळ कॉम्प्युटर घेऊन. यात कार्ड बसवा. हे म्हणाले, यात जागाच नसते, कंपनी देते तेच राहतं. सर म्हणाले, "तो फिर आप बेचते क्या हैं?"
रात्री हे नीट जेवले नाहीत.

१७ नोव्हें., बुध
ह्यांनी नाक्यावरून दिल्लीला फोन केला. ज्याच्याकडून खोका घेतला तो म्हणाला, आता नवीन कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डातच चित्राचं काम बसवून येतं, वेगळं कार्ड कोण घेणार? मग आम्हाला विकताना का नाही सांगितलं? माल परत घेणार नाही. वर म्हणे, तुम्हीच या, माझ्या दुकानात काउंटरवर उभे राहा.
हे म्हणाले, "खोली मिळाली की तुम्हाला नेतो."
वरच्या सुमनचा नवरा सुरतेला जाताना अगदी हेच म्हणाला होता. सुमन अजून वरच आहे.
सासूबाई म्हणाल्या, "गल्लीतले बाकीचे पूजा सांगून जगतात, आमचा हा डबे उघडून बसला. आता जाऊ दे की जातोय तर. इथे काय उजेड पडलाय?"

२० नोव्हें., शनि
तिकीट काढलं. येत्या गुरुवारचं.
हे स्टेशनवरून आले तर पायरीवर जलीलचाचा बसलेले. सोमवारचा तो धाग्यावाला म्हातारा. साडीचे नक्शे काढतात. कार्ड नको होतं. पडद्याकडे बोट. "इसमें हमारी बूटी बनेगी?"
हे वैतागून बसले. पडद्यावर चौकड्या भरल्या. चाचांना राणी रंग पाहिजे होता. ह्यांनी दिला तर सगळे ठिपके ठिपके. चाचा म्हणाले, "इसको तो चेचक निकली है।" चेचक म्हणजे देवी.
हे हसले! किती दिवसांनी. खोक्यातलं एक कार्ड काढलं, दुकानातल्या जुन्या मशीनला बसवलं, परत लावलं. राणी रंग. स्वच्छ, एक ठिपका नाही. चाचांनी चष्मा पुसून पाहिलं. "हाँ। अब रानी है।"
त्यांच्या साडीवाल्या सेठकडे हिशोबाचं जुनं मशीन पडून आहे. त्यालाही असंच कार्ड बसवायचं, सेठला घेऊन येतो म्हणाले. शुक्रवारी, नमाजानंतर.
आणि तिकीट गुरुवारचं.

२१ नोव्हें., रवि
म्हटलं, एक दिवस पुढे ढकला ना. हे म्हणाले, "येतो म्हणून गेलेले असे किती सांगू तुला? तुला काय कळतं त्यातलं?"
नाही कळत. पण काल राणी रंग आला तेव्हा ह्यांचं तोंड मी पाहिलं ना.

२३ नोव्हें., मंगळ
पुनव. सगळी गल्ली पंचगंगा घाटावर दिवे बघायला गेली. आम्ही नाही. हे बॅग भरत होते. चिमी एकेक मोजा बाहेर काढत होती. मी तिला थांबवलं नाही.

२५ नोव्हें., गुरु
हे न्हाव्याकडे गेलेले. रंगारी शिडी घेऊन हजर, बोर्ड दुरुस्त करायला.
ग्राफिक वाचून कोण आलं असतं? आले ते ग्राफ वाचूनच आले. उद्या चाचा सेठला घेऊन आले आणि दारावर भलतंच काही असलं तर? मी डोक्यावर पदर घेऊन बाहेर गेले. म्हटलं, "भैया, पुसो मत."
"पूछ कहाँ रहे हैं बहूजी? मिटाने आए हैं।"
"वही. पुसो मत!"
"अरे, कुछ पूछे हम?"
शेवटी शिडीच धरून ठेवली. मग समजला. हसत गेला. सासूबाई आतून म्हणाल्या, "कोणाला विचारून?"
हे आले. वर पाहिलं. बोर्ड तसाच. मग माझ्याकडे पाहिलं.
बॅग दाराशी आहे. गाडी संध्याकाळची. हे दुकानात खाली बसून उघड्या पडद्याला झाकण लावतायत. एकेक स्क्रू, घट्ट. इतके दिवस मी सांगत होते तेव्हा लावलं नाही.
जायचंय म्हणून लावतायत की राहायचंय म्हणून, विचारायचा धीर होत नाही. चिमीला घेऊन चौकटीत उभी आहे.