मिरेनाच्या जागी

प्रिय गौतम,

घाबरू नकोस, परत दारात येऊन उभी राहणार नाही. परवा संघमित्रा म्हणाली, "दादा झोपलाय, ताई." तुझी बहीण तुझ्यासारखीच, चेहरा सरळ ठेवून थापा मारते. आत टीव्हीवर आपलं कार्टून लागलं होतं आणि त्यातला यंत्रमानव तुझ्याच आवाजात गर्जत होता. सोलकढीचा डबा तिच्या हातात देऊन मी तुमच्या परळच्या चाळीचे तीन जिने उतरले. डबा परत पाठव, आईचा आहे.

'लोहग्रह'चा सहावा, शेवटचा भाग मराठीत डब होऊन तयार झाला, रे. पाच सिनेमे, वर ते कार्टून. बारा वर्षं तू त्या लोखंडी धुडाला आवाज दिलास आणि मी कॅप्टन मिरेनाला. पहिल्या भागाला एकाच माइकसमोर उभे होतो. तू यंत्रमानव, आणि घामाने शर्ट ओला! मी हसले म्हणून तीन टेक वाया गेले. पुढे प्रत्येकाचं रेकॉर्डिंग वेगळं झालं. एकाने आधी बोलून जायचं, दुसऱ्याने ते कानात ऐकत उत्तर द्यायचं. आपलं सगळं आयुष्यच तसं झालं म्हण.

दुसऱ्या भागानंतर प्रभादेवीच्या फुटपाथवर, हातात कटिंग घेऊन तू विचारलंस, लग्न करशील का. मी म्हणाले, आमच्या गिरगावात नाही चालायचं. का, ते तू विचारलं नाहीस. आडनाव आणि जात, दोन्ही तुलाही कळत होती, मलाही. तू चहा संपवलास, माझाही ग्लास परत नेऊन दिलास आणि दुसऱ्या दिवसापासून मला मॅडम म्हणायला लागलास. अकरा वर्षं मॅडम! शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं. आईला जाऊन आता चार वर्षं झाली. घाबरायचं कारण तिच्याबरोबर गेलं, तरी मी तोंड उघडलं नाही.

तुझ्या घशाचं मला स्टुडिओत कळलं. स्वरयंत्र काढणार, म्हणून ऑपरेशनच्या चार दिवस आधी येऊन तू पूर्ण सिनेमा एका दिवसात बोलून गेलास. परक्यासारखा गेलास, गौतम. खूप रडले मी.

मंगळवारी माझं रेकॉर्डिंग होतं. शेवटचा प्रसंग तुला माहीतच आहे. यान फुटतंय, यंत्रमानव दरवाजा धरून उभा आहे आणि मिरेनाला निघून जायला सांगतोय. कागदावर वाक्य होतं, "मागे वळू नकोस, मिरेना." माझ्या कानात तू म्हणालास, "मागे वळू नकोस, अनुजा."

काचेपलीकडून हितेंद्र माझ्याकडेच बघत होता. तुझं रेकॉर्डिंग त्यानेच केलेलं, त्याला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? हात वर केला. "नाव चुकलंय," म्हणाले. वीस वर्षांची सवय, रे. दुसऱ्याची चूक कानावर पडली की हात आपोआप वर जातो. हितेंद्र हळूच म्हणाला, "राहू द्या ना मॅडम, स्फोटात निम्मं बुडेल, कोणाला कळतंय?" मी म्हणाले, "नको, लोक काय म्हणतील." अगदी फुटपाथवरचाच सूर. त्याने तिसऱ्या भागातून तुझं "मिरेना" उचललं आणि तिथे बसवलं. मग मी रडण्याचा टेक दिला. एका झटक्यात ओके झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन चप्पल काढताना मला कळलं, मी काय पुसलं ते. धावत परत गेले. तुझा मूळ टेक तोवर पुसला गेला होता.

येत्या रविवारी दुपारी सिनेमा टीव्हीवर लागेल. तू बघशील, आणि त्या जागी तुला मिरेना ऐकू येईल. तुला वाटेल, आपली हाक पोचलीच नाही, कोणीतरी परस्पर दुरुस्त करून टाकली. म्हणून हे पत्र. पोचली, गौतम. मी ती एकदा ऐकली आणि माझ्याच हाताने घालवली. आता तुला ती पुन्हा मारता येणार नाही, आणि मला हे सहन होत नाही. फुटपाथवर विचारलं होतंस, त्याचं उत्तर हो आहे. तेव्हाही होच होतं.

तुझीच,
अनुजा