हिरव्या झग्याची बाहुली

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. रोज तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावते, पण तोंड उघडून बोलायचं धाडस झालं नाही. आज लिहितेय, कारण मंगळवारी जेऊरहून एक बाई आणि तिची मुलगी आपल्या घरी आल्या. मुलीच्या हातात हिरव्या झग्याची बाहुली होती.

होय, तीच.

अक्का, ती बाहुली चोरीला गेली नव्हती. मी दिली होती. जाणूनबुजून.

मी तुमची धाकटी जाऊ म्हणून या घरात आले, तेव्हा गौरीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तुमची एकुलती एक, चार वर्षांची पोर, तीन दिवसांच्या तापात गेली. घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. चुकून निघालं तर भाऊजी भरल्या ताटावरून उठायचे. तुम्ही तिच्या हिरव्या झग्यातून एक बाहुली शिवलीत आणि मग तुमचे हात थांबलेच नाहीत. भाऊजी एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातून कतरण आणायचे. त्यातून आपण दोघी हत्ती, राघू, नंदी, इरकल नेसलेल्या बाहुल्या करायचो. मी कापायची, कापूस भरायची. डोळे तेवढे तुम्ही भरायचात, काळ्या दोऱ्यानं, अगदी शेवटी.

गड्ड्याच्या जत्रेत आपला स्टॉल लागला की हिरवी बाहुली तुमच्या मांडीशी असायची. ती विकायची नव्हती. मला हे ठाऊक नव्हतं का?

बाहुली गेली त्या वर्षी चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही माझा हत्ती उलटापालटा करून पाहिलात. "निर्मला, तुज्या हाताला माया न्हाय बग. कसा बसलाय, पोतं टाकल्यावानी!" लोक हसले. तुम्हीही हसलात. का हसलात हो?

तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि एक पोर त्याच बाहुलीसाठी हट्ट धरून बसली. गौरीएवढीच होती. मी बाहुली उचलली आणि तिच्या हातात दिली.

परत आल्यावर तुम्ही जागेकडे बघितलंत. "माजी हिरवी कुटं हाय?"

"हितंच होती की. उचलली असंल कुणीतरी."

किती सहज आलं ते तोंडातून!

पुढची चार वर्षं गड्ड्यात तुम्ही गिऱ्हाईक बघितलंच नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींचे हात बघत होतात. मला ते दिसत होतं. दरवर्षी वाटायचं, यंदा सांगून टाकू. आणि दरवर्षी तो हत्ती आठवायचा.

मंगळवारी त्या बाईनं पुढचं सांगितलं. दोन वर्षांमागं गड्ड्यात मी चहा आणायला गेले होते, तेव्हा तुम्ही गर्दीत बाहुली ओळखलीत. "आज्जींनी हातातनं काडून न्हाय घेतली," ती म्हणाली. "नुसतं इचारलं, कुटनं घेतली म्हणून. मी म्हणलं, तुमच्याच हितनं की, त्या दुसऱ्या ताईंनी दिली. मग खाली बसून तिचा उसवलेला पाय शिवला आन् पोरीला माघारी दिली. म्हणल्या, पुन्हा फाटली तर घरला घेऊन या."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी चहा घेऊन आले, तुम्ही कप घेतलात, "लई गोड झालाय" म्हणालात. नंतर वर्षभर माझ्यासमोर बसून कापूस पिंजत राहिलात आणि एक शब्द काढला नाहीत. अक्का, एक थोबाडीत तरी द्यायची होती.

त्या चहाच्या दिवशीच संध्याकाळी तुम्ही सुई माझ्याकडे सरकवलीत. "आजपास्नं डोळे तू भर." मला वाटलं, नजर कमी झाली तुमची. ती माफी होती की शिक्षा? मी डोळे भरलेली प्रत्येक बाहुली घरातून जाईपर्यंत माझ्याकडे बघत असते. तुम्ही गेल्यापासून तर जास्तच. फळीवरची सगळी तोंडं भिंतीकडे केली, तरी भाकरी थापताना पाठीवर नजर जाणवते. परवा एका राघूला मी मोठ्यानं म्हणाले, "सांगते की, सांगते!" आणि माझी मीच दचकले.

मंगळवारी मी बाईशी बोलत होते आणि मुलगी बाहुलीबरोबर लपाछपी खेळत होती. एकदम तिनं हाक मारली, "गौरी! ए गौरी, कुटं लपलीस?"

माझ्या हातातला तांब्या पडला. तिची आई म्हणाली, "आज्जींनीच नाव सांगितलंय. हिला गौरीच म्हणायचं."

आतून भाऊजी बाहेर आले. अर्धी दाढी केलेली, अर्ध्या गालाला साबण. "कुणी हाक मारली?"

पोरीनं बाहुली वर धरली. भाऊजींनी झग्यावरून एक बोट फिरवलं आणि दाराला धरून उभे राहिले. मी परक्या माणसांसमोर सगळं सांगितलं. हत्तीसकट. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहुलीकडे बघतच म्हणाले, "तिनं माघारी घेतली न्हाय, मी कोन घेनार?" मग पोरीशेजारी खाली बसले. "गौरी दिवसभर काय काय करती गं?"

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं, अक्का.

बाहुलीचा उसवलेला हात मी शिवून दिला. डोळ्यांना सुई लावली नाही. ते तुमचेच आहेत.

जाताना पोर भाऊजींना जेऊरला यायचं सांगून गेली. कालपासून त्यांनी मला दोनदा विचारलं, दहा वर्षांच्या पोरीला खायला काय आवडतं म्हणून. त्यांना कसं ठाऊक असणार? आपल्या घरात मुलगी दहा वर्षांची कधी झालीच नाही.

रविवारी मी त्यांना जेऊरला घेऊन जाणार आहे. माफी मागायला मला तोंड नाही, पण एवढं वचन देते: गाडीत ते गौरीचं काही बोलायला लागले, तर मी विषय बदलणार नाही. ते रडले तरी नाही. शेवटपर्यंत ऐकेन.

तुमची,
निर्मला