बटणाचं मोडेम

४ जून २००१

पाय मोडला न् थोरल्याच्या घरी सांगलीत येऊन अडकले. तिसरा मजला. लिफ्ट न्हाई. खिडकीतनं समोरची पाण्याची टाकी दिसती, बाकी काय न्हाई. धाकटा सोपान आटपाडीला परत जाताना म्हणाला — "प्लास्टर निघू दे आई, बूथवरनं फोन करतो न् न्यायला येतो." परवा निघालं प्लास्टर. त्याच्या घरी फोन न्हाई, न्हाईतर मीच लावला असता.

६ जून

घरात काम्पुटर येणार! नात उत्कर्षाला इंटरनेट पायजे. फोनची वायर माझ्या खाटेपाशी, म्हणून पेटी बी इथंच. मला विचारलं? छे! कपाट सरकवलं, देव सरकवले. मी सरकत न्हाई म्हणून राहिले.

७ जून

मिरजेचा दुकानदार घरी आला. तो न् बाळासो, माझा थोरला, रॅम न् हार्डडिस्क करत बसले. मी मधीच विचारलं, "ह्ये चालू असताना आमाला फोन आला तर?"

"येणार न्हाई आज्जी. लावणाऱ्याला एंगेज लागंल."

"मग बंद कसं करायचं?"

मोडेम म्हणं दोन जातीचं. एक पेटीच्या पोटात. दुसरं बाहेर, डब्यागत — पुढं दिवे, मागं बटण. बटण बंद केलं की लाईन मोकळी.

बाहेरचंच घ्या म्हटलं.

बाळासो — "आई, उगाच महाग. तुला काय कळतंय त्यातलं?"

"बटण कळतंय. न्हाईतर ने पेटी जिन्यात!"

सून रेश्मा हसली. नवऱ्याला कुणी बोललं की तिला लय बरं वाटतं.

१२ जून

आलं. लाईन लागताना बोके भांडल्यागत वराडतं. पोरगी कॉलेजातनं आली की चिकटती. तिकडं सोपान बूथवर उभा राहून दमला असणार.

१५ जून

"आज्जी, नेट सारखं कटतंय. तू बटणाला हात लावतीस काय?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं!"

१७ जून, रविवार

सगळी वाईला लग्नाला गेली. मला दार उघडायला उठावं लागू नये म्हणून बाहेरनं कुलूप! बरं झालं. त्यांची पाठ फिरल्याबरोबर बटण बंद केलं. रिसीव्हर उचलून बघितला — आवाज येतोय. आज गाठणारच सोपान.

१८ जून

काल फोन दिवसभर मोकळा होता. एकदा बी वाजला न्हाई.

उत्कर्षाला म्हटलं, बस गं, पायजे तेवढा वेळ बस. बटण मीच चालू करून दिलं. लागू दे एंगेज.