आडव्या बाटलीचं मतदान

सोमवार, ५ जानेवारी २०२६
दिवसभर रत्नागिरीच्या ग्रंथालयात. दारूवरच्या कराचा इतिहास – वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी, बाराशे शब्द, पुढच्या सोमवारपर्यंत. दीडशे वर्षांपूर्वी इथले माड मोजले गेले. ज्या माडाची माडी काढायची त्या प्रत्येकावर कर. माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांना तो झेपेना. घरची माडी गेली, मक्त्याची दुकानं आली. तिजोरीला चटक लागली ती लागलीच.

मंगळवार, ६ जानेवारी
प्रमोददादाच्या बायकोचा, दिशावहिनीचा फोन. खेडजवळच्या आमच्या गावात रविवारी मतदान – देशी दारूचं दुकान ठेवायचं की नाही. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहणार, आडवी म्हणजे बंद. यादीत ४१२ बायका. निम्म्याहून जास्त आडव्या हव्यात, म्हणजे २०७. आलेल्यांच्या निम्म्या नव्हेत – यादीतल्या! लगेच लेखात घातलं: गैरहजर बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते.

गुरुवार, ८ जानेवारी
गावी जाऊन आले, लेखासाठीच. दुकान फाट्यावर. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची बस तिथेच थांबते, कामावरून येताना प्रमोददादा तिथेच उतरतो. डॉक्टरांनी त्याला बजावलंय – यकृत आता आणखी सोसणार नाही. वहिनी म्हणते, दुकान नसलं तर उतरून सरळ घरी तरी येतील. एवढंच तिचं मागणं.

कर वाढला की पिणं कमी होतं का, असं ओटीवर जमलेल्या बायकांतल्या शेजारच्या कमळाकाकींना विचारलं. "महाग झाली म्हणून कोण सोडत नाय गो," त्या म्हणाल्या. "घरातलं कालवण तेवढं पातळ होतं."

दादा पायरीवर बसून ऐकत होता. "लिही – आमच्या जीवावर सरकार चालतं." सगळ्या हसल्या. वहिनी नाही.

निघताना ती म्हणाली, "ताई, तुमचं नाव अजून आपल्याच यादीत हाय. येताय ना रविवारी?"

म्हटलं, जिच्यावर लिहायचं त्या गोष्टीत बाजू घेऊ नये. तीस वर्षांचा शिरस्ता. तिला २२० जणींनी शब्द दिलाय. माझ्यावाचून अडणार नाही.

शनिवार, १० जानेवारी
गावच्या यादीतल्या सोळा जणी मतदानासाठी मुंबईहून निघाल्या. लेखाचा शेवट जमत नाही.

रविवार, ११ जानेवारी
घरीच, लिहीत. संध्याकाळी वहिनीचा फोन. आडवी २०५, उभी ३१. तरी दुकान राहिलं! दोन कमी पडल्या. शब्द देऊन काही आल्याच नाहीत. मुंबईच्या सोळाही पोचल्या होत्या.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "ताई, तुम्ही जेवलात काय?"

सोमवार, १२ जानेवारी
लेख पाठवला. शेवटी दोन ओळी वाढवल्या: "त्या ४१२ नावांत या लेखिकेचंही नाव आहे. मतदानाच्या दिवशी ती रत्नागिरीत घरी बसून हा लेख लिहीत होती."