बदलीचा माणूस

३ मार्च, मंगळवार

आला! फोन आला! ऑफिसातली बाई नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात — "परवा निघायचंय. थर्ड इंजिनियर." जहाजाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिनं वैतागून पुन्हा सांगितलं.

बाबांचं जहाज!!

बाबा त्यावर फिटर आहेत. अकरा महिने झाले. खरं तर बाप-लेकाला एका जहाजावर पाठवत नाहीत. पण मी चढणार त्याच दिवशी बाबा उतरणार, म्हणून चाललं असेल. नाहीतर कुणी आडनाव वाचलंच नसेल — आंधळं दळतंय!

मोजलं. दोन वर्षं चार महिने झाले भेटून. मी घरी असलो की ते समुद्रात, ते घरी आले की मी. "या घरात एका वेळी एकच पुरुष मावतो," असं आई म्हणते. मी ऑफिसर झालो ते बाबांनी नुसतं फोटोत बघितलंय. त्यांच्याच ओव्हरटाइमवर शिकलो आणि भेट मात्र फोटोत!

त्यांना आधी कळवायचं नाही. चढणाऱ्यांची यादी कॅप्टनकडे जाते, फिटरकडे नाही. शिडी चढून एकदम समोर उभा राहणार. काय चेहरा करतील!

४ मार्च, बुधवार

दिवसभर बॅग भरतोय आणि उपसतोय. आईचं निम्मं लक्ष माझ्यात, निम्मं बाबांमध्ये. ही त्यांची शेवटची फेरी. गुडघे गेलेत, इंजिनरूमच्या शिड्या चढता-उतरता जीव मेटाकुटीला येतो — फोनवर कबूल करत नाहीत, पण आईला श्वासावरून कळतं. पलंगावर तिनं नवी चादर घातलीय. मी जरा टेकलो तर ओरडली, "ऊठ! ती त्यांच्यासाठी आहे."

बाबा उतरताना मी करायच्या कामांची यादी दिली. "बॅग भरायला मदत कर, ते कपडे कोंबतात. घरी येताना घालायला निळा शर्ट घेऊन ठेवलाय म्हणे सहा महिन्यांपूर्वी, तो बॅगेत वरच राहू दे. आणि तू चढ नि त्यांना उतरव एकदाचं!"

चढणाऱ्यांना आणून उतरणाऱ्यांना नेणारी लाँच जहाजाशी दोन तास थांबते. म्हणजे भेट दोन तासांची. दोनच! देवा, जमलं तर एखाद-दोन दिवस वाढवून दे रे. (हे आईला सांगितलेलं नाही.)

५ मार्च, गुरुवार

विमानतळावर बाबांच्या बदलीचा फिटर भेटला. चोपन्न वर्षांचा, टकलू, गोलमटोल. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणायला लागलो. आमच्याकडे साधा नियम — बदलीचा माणूस वर चढल्याशिवाय आधीचा उतरत नाही. म्हणजे बाबांचं घरी जाणं मामांच्या हातात! मी त्यांना पाण्याची बाटलीसुद्धा उचलू देत नाहीये.

कागदपत्रांचं पाकीट माझ्याकडे. "तुम्ही साहेब, तुम्हीच सांभाळा," मामा म्हणाले. बापाच्या वयाचा माणूस मला साहेब म्हणतो! लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

मामांना सरकत्या जिन्याची भीती वाटते! तीस वर्षं वादळात लोंबकळणाऱ्या शिड्या चढलेला माणूस, आणि इथं पहिल्या पायरीशी अडून बसला — "तुम्ही व्हा पुढं, मी बघतो दुसरा रस्ता." शेवटी हात धरून नेलं. मागची सगळी रांग हसत होती, मामाही.

६ मार्च, शुक्रवार

जहाज पळालं! माल लवकर उतरला म्हणून आम्ही हवेत असताना पुढच्या बंदराला निघूनही गेलं. आम्ही इथं अर्ध्या वाटेवर, कुणाच्या तरी विमानतळावर, हातात ब्रेड आणि उकडलेलं अंडं. ऑफिसातल्या बाईचा फोन — "नवी तिकिटं काढतेय. त्या बंदराला व्हिसा लागतो. दोघांचाही आहे ना?" माझा आहे. मामांकडे बघितलं. तोंडात ब्रेड. "आहे की! दहा वर्षांचा!" मी फोनवर सांगून टाकलं — आहे.

आणि खरी बातमी तर पुढंच! जहाज तिथं पूर्ण दिवस नांगरून राहणार. दोन तास नाही, पूर्ण दिवस! देवानं ऐकलं! मी एकटाच हसत फेऱ्या मारतोय. साफसफाईवाली बाई दोनदा बघून गेली.

६ मार्च, संध्याकाळ

काउंटरवर मामांचा पासपोर्ट उघडला. नवा, कोरा. व्हिसा जुन्या पासपोर्टात! पासपोर्ट संपला तरी त्यातला व्हिसा चालतो, म्हणून आमची सगळी जहाजी जात जुना-नवा रबरबँडनं बांधून हिंडते. मामांचा जुना कुठाय? "हरवायला नको म्हणून जपून कपाटात ठेवलाय हो."

पाकीट दोन दिवस माझ्याजवळ होतं. एकदा उघडलं असतं तर! पण मला हसत फेऱ्या मारायच्या होत्या.

मामा बाकावर बसले. "साहेब, तुमच्या वडिलांचं काय हो आता?"

७ मार्च, शनिवार

मामांना परतीच्या विमानात बसवलं. सरकत्या जिन्यावर या वेळी स्वतःच चढले, मागं न बघता.

दुसरा फिटर त्याच्याही पुढच्या बंदरात येणार. ते बंदर एक्केचाळीस दिवसांनी. आईला फोन लावला. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तू जेवलास का?" एवढंच.

८ मार्च, रविवार

बंदराच्या खोलीत लाँचची वाट बघतोय. कंपनीचा इथला एजंट म्हणाला, जहाजाला सकाळीच कळवलंय, फिटर येत नाही म्हणून. माझ्याबद्दलही कळलं असणार. गंमत गेली.

आणि तरीही — इथं लिहितो, दुसरीकडे कुठं बोलणार नाही — मनात उकळ्या फुटतायत! एक्केचाळीस दिवस बाबांबरोबर! एकाच इंजिनवर! ते दोन-चार गोष्टी शिकवतील, मी त्यांना शिड्या चढू देणार नाही. मागितले एखाद-दोन दिवस, मिळाले एक्केचाळीस. आईचं "बरं" आठवतंय आणि तरी हसू येतंय. नालायक आहे मी.

लाँच आली!

८ मार्च, दुपार

शिडीच्या टोकाशी बाबा उभे होते. अंगात कामाचा बॉयलर सूट, गळ्यातून निळ्या शर्टाची कॉलर बाहेर आलेली. आधी माझ्या मागं बघितलं, खाली, रिकाम्या शिडीकडे. मग दोरानं वर आलेली माझी बॅग उचलली. मी ओढायला गेलो, सोडली नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "चला साहेब, केबिन दाखवतो."